पाडव्याला धुतलेली मुळं

अक्का. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असं कोणी विचारलं, तर माझ्याकडे एवढं एकच उत्तर आहे. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. जळगावच्या मेहरूणमधल्या एका राजस्थानी व्यापारी कुटुंबातल्या त्या थोरल्या सून. घरात, गल्लीत आणि किराणा बाजारात सगळे त्यांना अक्काच म्हणत आले.

मी शिंदखेड्याजवळच्या खेड्यातून जळगावला बी.एस्सी. करायला आलो, तेव्हा आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नव्हतं. होस्टेलच्या खोलीत आम्ही इतके जण होतो की वही उघडायला मांडीशिवाय जागा नव्हती. माझे मामा अक्कांच्या गोदामात कामाला होते. त्यांनी शब्द टाकला आणि अक्कांनी गच्चीवरची पत्र्याची खोली मला अभ्यासाला दिली. खोलीत एक टेबल होतं आणि एक पंखा होता. त्या बदल्यात एकच काम होतं. संध्याकाळी त्यांच्याबरोबर गच्चीवरच्या झाडांना पाणी घालायचं.

पहिल्या वर्षी मी रसायनशास्त्रात नापास झालो. ट्रंक भरली आणि अक्कांना सांगायला गेलो की गावी चाललो, आता परत येत नाही. त्या झाडाच्या फांदीला गुंडाळायची वायर कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ट्रंक इथंच ठेव. घरी जा, आईच्या हातचं जेव, सोमवारी परत ये. ट्रंक घेऊन एसटीत चढायला त्रास होतो." मी सोमवारी परत आलो. आज मी जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. मध्ये जे काही घडलं ते सगळं त्या सोमवारवर उभं आहे.

अक्का स्वतः नववीपर्यंत शिकलेल्या. बोन्साय त्या एका हिंदी मासिकातून आणि झाडं मारून शिकल्या. "मी जितकी मारली तितकी कोणी लावली नसतील," असं त्या सरळ सांगायच्या. गल्लीतल्या पाच-सहा बायका त्यांच्याकडे शिकायला यायच्या. हाच पुढे 'क्लब' झाला. त्याला तेव्हा नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता. रविवारी दुपारचं ऊन उतरलं की जमायचं. नियम एकच होता: जिने झाड आणलं तिने आधी त्याची खोड स्वतः सांगायची. "या डाळिंबाची खालची फांदी मी घाईने कापली," असं एकीने म्हटलं की बाकीच्या पुढे सरकायच्या. मग दुसरी म्हणायची, "मीपण कापली होती गं, मग असं केलं." असं तासभर चालायचं. त्या बायकांमध्ये बसून मी वनस्पतिशास्त्राच्या वर्गापेक्षा जास्त शिकलो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगतो.

पाडव्याची पद्धतही अक्कांचीच. गुढी उतरवली, ऊन कलतं झालं, की गच्चीवर ओली पोती टांगायची आणि ज्या वडा-उंबरांना नवी पालवी फुटली असेल त्यांपैकी दोन-तीन झाडांची कुंडी बदलायची. मुळांना धुवायचं नाही. कडेनं गोल गोल फिरलेली तेवढी कापायची, बाकी माती तशीच आत बसवायची. "माणसांचं नवं वर्ष, झाडांचंही होऊ दे," असं त्या म्हणायच्या. मात्र चिंचेला आणि बोराला त्या दिवशी त्या हात लावत नसत. "बोर उन्हाळ्यात झोपतं. मृगात उठतं. झोपलेल्याला आंघोळ घालत नाहीत."

मग अक्कांचे यजमान शेठ वारले, अक्कांचे गुडघे गेले, ऐकू येणं कमी झालं. मुलीनं त्यांना धुळ्याला नेलं. तिथं दुसऱ्या मजल्यावर घर आहे, गच्ची नाही. जायच्या आधी त्यांनी झाडं वाटली. मला बोर दिलं.

ते बोर म्हणजे काही देखणं झाड नव्हे. मेहरूणच्या तलावाकाठच्या जुन्या बोरींपैकी एकीच्या आठळीतून अक्कांनी ते रुजवलं. पसरट मातीच्या कुंडीत ते वाढलं. खोड मनगटाएवढं, साल भेगाळलेली, काटे असे की पाणी घालताना बाही अडकते. थंडीत त्याला मूठभर बोरं लागतात, आणि बोरं काही झाडाच्या मापाने लहान होत नाहीत. गुडघ्याएवढ्या झाडाला पूर्ण आकाराची बोरं लागली की फांदीला काडीचा टेकू द्यावा लागतो. माझी आई पहिल्यांदा माझ्या घरी आली तेव्हा तिनं कुंडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "हाई बोरनं झाड शे? मंग इतलं धाकलं कसं?" मी समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुद्दाम?"

झाड देताना अक्का म्हणाल्या, "दोन गोष्टी कर. हे जगव. आणि क्लब सोडू नको. तू सोडलास तर तिथं झाडाबद्दल बोलणारं कोणी उरणार नाही."

दोन्ही गोष्टी मी कबूल केल्या. पुढे त्या एकमेकींच्या आड येतील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

अक्का धुळ्याला गेल्यावर क्लबला नाव मिळालं, बॅनर मिळालं आणि अध्यक्ष मिळाला. अध्यक्ष म्हणजे गावातले एक दातांचे डॉक्टर. मला त्यांच्या हातांबद्दल तक्रार नाही. दातांचं माहीत नाही, पण वायर ते सफाईने गुंडाळतात. दवाखान्यातला तो छोटा गोल आरसा ते सभेला आणायचे आणि फांद्यांच्या खालून धरून आत बघायचे. पकड लावताना सवयीनं झाडाला म्हणायचे, "थोडंसं दुखेल." लोक हसायचे. प्रत्येक सभेला तेच वाक्य आणि प्रत्येक सभेला तेच हसू. वर्षभर एकाच विनोदाला हसणाऱ्या माणसांकडून नवीन काही शिकण्याची अपेक्षा करणं हा माझा भाबडेपणा होता.

सचिव होते बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. सगळे त्यांना नाना म्हणायचे. झाडांपेक्षा नानांचं लक्ष खुर्च्यांवर असे. पहिल्या रांगेत कोण, दुसऱ्या रांगेत कोण, हे ते आदल्या दिवशी ठरवत. आणि तिसऱ्या, सराफांच्या घरातल्या एक वहिनी. त्यांची झाडं पुण्याच्या नर्सरीतून तयार होऊन यायची. वहिनी त्यांना पाणी घालायच्या, म्हणजे घालायला सांगायच्या. तरी दरवेळी सभेत त्या उभ्या राहून म्हणायच्या, "याला मी पोटच्या पोरासारखं वाढवलं." एकदा कुंडीच्या तळाशी नर्सरीचं लेबल तसंच राहिलं होतं. सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आपल्या झाडाची खोड आपणच सांगायचा नियम पहिल्याच वर्षी गेला. डॉक्टर म्हणाले, "सर, त्यानं नवीन सभासदांचा उत्साह जातो." त्याजागी 'कौतुकाची फेरी' आली. प्रत्येकाचं झाड मध्ये ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्याबद्दल एक-एक चांगलं वाक्य बोलायचं. ज्यांना झाडाबद्दल काही सुचत नसे ते कुंडीबद्दल बोलत. ज्यांना कुंडीबद्दलही सुचत नसे ते म्हणत, "मांडणी छान." शिकणं संपलं आणि सगळ्यांना सगळं येऊ लागलं.

झाडांची वयं दर प्रदर्शनाला वाढत. डॉक्टरांचा वड मी त्यांच्या दवाखान्याच्या गटारीतून स्वतः काढून दिला होता, म्हणून मला त्याचं वय माहीत आहे. पहिल्या प्रदर्शनात त्याच्या पाटीवर तो तरुण होता. पुढच्या प्रदर्शनात तो डॉक्टरांच्या लग्नाच्या आधीचा झाला, आणि त्याच्या पुढच्यात त्यांच्या आजोबांच्या हातचा. मी नानांना हळूच विचारलं. नाना म्हणाले, "सर, वड आहे तो. वडाला वय विचारतात का?"

पण या सगळ्यापेक्षा मला न पटणारी गोष्ट वेगळी होती. या क्लबात झाड मरत नसे. ते 'विश्रांतीत' जाई. काळं पडलेलं, साल सुटलेलं, कुंडीत खुंटीसारखं उभं असलेलं झाड नाना यादीत वाचून दाखवत, "वहिनींचं डाळिंब, विश्रांतीत." कोणी मान हलवी, कोणी "होईल, होईल," म्हणे, आणि पुढचं नाव. का मेलं हे विचारायची सोय उरली नाही, कारण ते मेलंच नव्हतं. जिथं मरण कबूल करत नाहीत तिथं कारण शोधणार कोण? अक्का मेलेलं झाड उपटून मुळं सगळ्यांसमोर पसरायच्या. "बघा, इथं सडलं. माझं पाणी जास्त झालं." एका मेलेल्या झाडावर त्यांनी सगळ्यांचा एक रविवार शिकवण्यात घालवला होता.

झाडं मरायची मुख्यतः पाडव्यानं. अक्कांची पद्धत क्लबने चालू ठेवली याचा डॉक्टरांना फार अभिमान. "परंपरा आहे आपली," ते सांगत. परंपरेतली तेवढी तारीख त्यांनी ठेवली. संध्याकाळऐवजी सकाळ केली, कारण पाहुण्यांना सकाळी वेळ असतो. गच्ची आणि ओली पोती जाऊन मंगल कार्यालयाचं लॉन आलं, कारण बॅनर लावायला जागा लागते. दोन-तीन झाडांऐवजी सगळ्यांनी एकेक आणायचं, कारण कोणाला वाईट वाटायला नको. आणि मुळं नळीच्या पाण्यानं पार पांढरी होईपर्यंत धुवायची, कारण डॉक्टरांनी मोबाईलवर कुठल्याशा थंड देशातला एक माणूस तसं करताना पाहिला होता. त्या माणसाच्या मागे बर्फ दिसत होता. जळगावात पाडव्याला सकाळी दहा वाजता लॉनभोवतीची फरशी पायाला चटका देते. हा फरक सांगायला विज्ञानाचा शिक्षक लागू नये. पण मी सांगितला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "सर नेहमी नकारात्मक बोलतात."

मुळं धुऊन झाली की झाडं उघड्या मुळांनी पांढऱ्या टेबलक्लॉथवर ओळीनं ठेवत. मग पाहुण्यांचा सत्कार. मग पाहुण्यांचं भाषण. मग प्रत्येकानं आपलं झाड खोडाला धरून उंच करायचं आणि फोटो. मग श्रीखंड-पुरी. जेवण होईपर्यंत झाडं तिथंच. जेवून सुस्तावलेली मंडळी परत येऊन माती भरायला लागेपर्यंत मुळांचा रंग बदललेला असे. तो कोणालाच दिसत नसे, कारण तोवर फोटो काढून झालेले असत.

पाडवा ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. तेवढ्यात जी जायची ती जात. आखाजीनंतरच्या सभेत नाना विश्रांतीची यादी वाचत आणि त्यानंतर चर्चा होई. कोणी म्हणे माती पुण्याची नव्हती. कोणी म्हणे नजर लागली, फोटो फार फिरला. एकजण म्हणाले की त्यांच्या कामवालीनं पाणी घातलं त्या दिवशी अमावस्या होती. मी म्हणालो, "आपण हे मृगात करून बघू या का? एकदाच. अर्धी झाडं पाडव्याला, अर्धी पावसाळ्यात, आणि मग मोजू."

डॉक्टर हसून म्हणाले, "सर, पावसात लॉनवर चिखल होतो. पाहुणे कसे येतील?"

"पाहुण्यांशिवाय करू."

"मग बातमी कशी येईल?" हे नानांनी विचारलं, आणि अगदी मनापासून विचारलं.

मी क्लब सोडला नाही. अक्कांना शब्द दिला होता. दर रविवारी जायचो, दुसऱ्या रांगेच्या टोकाला बसायचो, माझी पाळी आली की झाडाची खोड सांगायचो. लोक जांभया द्यायचे. पाडव्याला मी साधं उंबर न्यायचो आणि मुळं न धुता परत आणायचो. बोर मात्र घरून कधी हललं नाही. कोणी मागितलंही नाही. सुरुवातीला एकदा वहिनींनी ते माझ्या घरी पाहिलं होतं आणि पदर सावरत म्हणाल्या होत्या, "हे काय काट्यांचं ठेवलंय? शेताच्या बांधावर असतं हे." तेव्हापासून क्लबच्या यादीत ते 'झुडूप' होतं.

या जानेवारीत त्याला बोरं बरीच लागली. शाळेतल्या मुलांना दाखवायला मी ते वर्गात नेलं. एका मुलीच्या भावानं मोबाईलवर चित्रण केलं आणि ते पसरलं. एवढंसं झाड, फांदीला काडीचा टेकू, आणि टपोरं पिकलेलं मेहरूणचं बोर. दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन.

"सर, एवढं मोठं काम केलंत आणि आम्हाला बोलला नाहीत?"

"डॉक्टरसाहेब, ते अक्कांचं आहे."

"म्हणजे क्लबचंच. ऐका, पाडव्याला पुण्याहून तज्ज्ञ येताहेत. ते म्हणाले कुंडीतलं बोर त्यांनी कधी पाहिलं नाही. आपण त्यांच्या हातून याचंच प्रात्यक्षिक करू. मुळं धुऊन, निळ्या चिनी ट्रेमध्ये. ट्रे मी मागवलाय."

मी नाही म्हणालो. कारण सांगितलं. बोर उन्हाळ्यात पानं गाळतं, त्याची वाढ थांबते. त्याला मुळांची ढवळाढवळ मुळात सोसत नाही, म्हणून तर त्याचं रोपसुद्धा दुसरीकडे लावताना जातं. पावसापर्यंत नवीन मुळं फुटणार नाहीत आणि तोवर ते उभ्याउभ्या वाळेल. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तज्ज्ञ आहेत ना, ते बघतील."

मला वाटलं विषय संपला. पण फेब्रुवारीत डॉक्टर एका लग्नाला धुळ्याला गेले आणि जाता जाता अक्कांच्या घरी पेढे घेऊन पोचले. परत आल्यावर सभेत त्यांनी जाहीर केलं की अक्कांनी बोर क्लबला दिलं, आनंदानं दिलं, आशीर्वादासह. टाळ्या झाल्या. मी धुळ्याला फोन लावला. अक्कांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून मध्ये त्यांची मुलगी.

"ताई, अक्कांना विचारा, पाडव्याला मुळं धुणार आहेत. चालेल का?"

पलीकडे मोठ्यानं विचारल्याचं ऐकू आलं. मग अक्कांचा आवाज, दुरून. मग ताई: "आई म्हणते, दे. सगळ्यांना शिकू दे. क्लबला नाही म्हणू नको म्हणते."

"मुळं धुणार हे सांगितलंत ना?"

"सांगितलं हो सर. तिला जेवढं ऐकू आलं तेवढं आलं. ती खूश आहे. परवापासून शेजाऱ्यांना सांगतेय की माझं झाड पुण्याच्या माणसाला दाखवणार."

दहावीच्या परीक्षा चालू होत्या, पर्यवेक्षण होतं. धुळ्याला जायला मिळालं नाही. रोज सकाळी बोराच्या कुंडीजवळ उभा राहायचो. त्याची पानं पिवळी होऊन पडायला लागली होती, जशी दरवर्षी पडतात. ज्यांनी मला परत बोलावून पदवीपर्यंत नेलं त्यांचा शब्द एका बाजूला, आणि त्यांनीच सोपवलेलं झाड दुसऱ्या बाजूला. द्यायचं तर ते मरणार, हे मला नक्की माहीत होतं. न द्यायचं तर अक्कांचा शब्द खाली पडणार आणि क्लबही सुटणार.

पाडव्याच्या सकाळी मी लॉनवर रिकाम्या हातानं गेलो. मधल्या टेबलावर निळा ट्रे तयार होता. त्याच्यासमोर पाटी: 'मेहरूणचे बोर. वय: दोन पिढ्या.' तज्ज्ञ पहिल्या रांगेत सोफ्यावर बसून फोन बघत होते. नाना धावत आले.

"सर, झाड गाडीत आहे का? पोरांना पाठवतो."

"झाड घरी आहे."

"घरी? मग आणा ना. कार्यक्रम पत्रिकेत छापलंय."

"नाना, ते झोपलंय. आज त्याची मुळं उघडली तर ते मरेल."

नानांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हातमोजे घालत होते. ते हसत जवळ आले, कारण लोक बघत होते.

"सर, अक्कांनी दिलंय. तुमचं झाड नाही ते."

"माझं नाहीच. म्हणून तर मला ते मारायचा हक्क नाही."

"म्हणजे आम्ही मारतो?"

"दरवर्षी मारता, डॉक्टरसाहेब. आखाजीपर्यंत."

हे मी हळू म्हणालो होतो, पण वहिनी जवळच होत्या. त्या म्हणाल्या, "सणाच्या दिवशी मरणाचं बोलू नका हो. एवढं शिकूनसुद्धा?"

"शिकलो म्हणूनच बोलतोय, वहिनी."

"शिकवायचं असेल तर शाळेत शिकवा सर," नाना म्हणाले. "इथं आम्ही शिकायला येतो."

नानांना आपण काय म्हणालो ते कळलं नव्हतं. आजही कळलं नसेल.

डॉक्टरांनी तज्ज्ञांच्या कानाशी जाऊन काही सांगितलं. तज्ज्ञांनी फोनवरून नजर न काढता हात हलवला. "काहीही चालेल हो. मला चार वाजता गाडी आहे." मग नानांची चिंच ट्रेसमोर आली. पाटी उलटी करून तिच्या मागे मार्करनं 'मेहरूणची चिंच' लिहिलं गेलं. वय दोन पिढ्या तेच राहिलं. नळी सुरू झाली. चिंचेची मुळं उन्हात पांढरी होताना मी थोडा वेळ पाहिली आणि श्रीखंड सुरू व्हायच्या आधी निघालो.

संध्याकाळी मोबाईलवर क्लबच्या गटात नानांचा निरोप आला: 'सभासद क्रमांक अमुक यांना शिस्तीच्या कारणास्तव विश्रांती देण्यात येत आहे.' खाली फुलांची आणि हात जोडल्याची बरीच चित्रं. मग मला गटातून काढलं. खोटं का बोलू, मला राग आला नाही. त्या माणसांचा राग यावा इतकं त्यांनी झाडांकडे कधी पाहिलं नव्हतं. पण अक्कांचा क्लब माझ्या हातून सुटला होता, आणि त्यांना ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायच्या आत मला सांगायचं होतं. त्याच संध्याकाळी मी त्यांना लिहिलं.

*

अक्का,

आधी पाया पडतो. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मध्ये ताई असल्या की मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो. ताईंना मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.

मी आज बोर नेलं नाही. तुम्ही 'दे' म्हणाला होतात, तरी नेलं नाही. तुमचा शब्द मोडला. ते रात्रीतून चोरून नाही, सगळ्यांसमोर सांगून केलं. त्यामुळे क्लबमधून मला काढलं आहे. तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एक माझ्याकडून पाळली गेली नाही.

पुढचं लिहायला जड जातं, पण तुम्हीच सांगायचात की आपल्या झाडाची खोड आधी आपण सांगायची. पाडवा तुम्ही ठरवला होता. तुमच्या गच्चीवर तो चालला, कारण तिथं सावली होती, संध्याकाळ होती आणि मुळं धुवायची नाहीत हे ठरलेलं होतं. तुम्ही ही कारणं आम्हाला कधी वेगळी करून सांगितली नाहीत. आम्ही बघत होतो म्हणून आम्हाला कळली. जे नंतर आले त्यांना फक्त 'पाडवा' मिळाला. दरवर्षी त्यापायी झाडं जातात, आणि तुमच्या नावानं जातात. मी त्यांना सांगून थकलो. तुम्ही एकदा सांगितलं तर कदाचित कोणी ऐकेल. कदाचित नाहीही. मला त्यांच्याकडून फारशी आशा नाही, हे खरं लिहितो.

डॉक्टर आले, पेढे आणले, तुमच्या हातचं झाड मागितलं. तुम्हाला बरं वाटलं असणार. तिथं दुसऱ्या मजल्यावर तुमच्याकडे झाडाबद्दल विचारायला कोण येतं? मी दिवाळीनंतर आलो नाही. परीक्षा हे कारण आहे, पण पुरेसं नाही.

बोराची पानं गळून गेली आहेत. खालच्या डाव्या फांदीवरची दोन तेवढी आहेत. साल नखानं किंचित खरवडून पाहिली, आत हिरवं आहे. माती एकदा खोलवर भिजवतो आणि मग वरची सुकू देतो. वरची एक फांदी मला लांब वाटते, पण कापायची की नाही ते ठरवलेलं नाही. ते तुम्ही बघितल्याशिवाय ठरणार नाही.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं झाड घेऊन धुळ्याला येतो. मृग लागेपर्यंत ते तुमच्याकडेच राहू दे. गॅलरीत सकाळचं ऊन येतं आणि दुपारी भिंतीची सावली असते, असं ताई म्हणाल्या होत्या. तेवढं त्याला पुरे. पाऊस पडला की दोघं मिळून कुंडी बदलू. शेजारच्यांना दाखवायचं तर दाखवा, पण आता त्याच्यावर काहीच नाही, नुसते काटे आहेत, ते आधी सांगून ठेवा.

रागवायचं असेल तर समोर रागवा. काट्यांमुळे एसटीत शेजारी कोणी बसणार नाही, त्यामुळे जागा ऐसपैस मिळेल. दोन जिने चढायचे आहेत, कुंडी जड आहे, ताईंना दार उघडं ठेवायला सांगा.